एक पॉइंट एक

सोफेवाल्यांचं मत मागावं लागत नसे. नळाला कुठली चकती बसवावी, विम्याचा अर्ज कुठल्या खिडकीवर द्यावा, शेजारच्यांच्या मुलीने पुढे काय शिकावं, सगळ्यावर त्यांचं मत तयार असे आणि ते घरपोच मिळे. लोक माघारी त्यांना उंटावरचा शहाणा म्हणत. पण खरं सांगायचं तर नळाच्या बाबतीत ते बहुतेक वेळा बरोबर असत, आणि माणूस बिघडतो तो असाच. चार वेळा बरोबर ठरला की पाचव्या वेळी विचार करायचं सोडून देतो.

धंदा मात्र त्यांचा चोख होता. जुने सोफे, खुर्च्या, दवाखान्यांतले तपासणीचे बाक उसवायचे, आतला फोम बदलायचा, नवं कापड चढवायचं. ठोकाठोक आणि ओढाताण ते करत. माप आणि कातरकाम त्यांची बायको करे. सव्वीस वर्षं एकाच लांब टेबलाच्या दोन बाजूंना दोघं उभी होती. बोलायचं काम त्यांचं, ऐकायचं तिचं, अशीही एक वाटणी आपोआप झाली होती.

दोन महिन्यांपूर्वी बायकोची कातर चुकायला लागली. हात थरथरत, छाती धडधडे, खाऊनपिऊन वजन उतरे. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, थायरॉइडची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते आहे; तिला आवरायला गोळी देतो. गोळी लिहून देताना ते पुढे म्हणाले, "एक लक्षात ठेवा. घसा दुखला किंवा ताप आला तर गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी रक्त तपासायचं. क्वचित होतं, पण झालं तर गंभीर असतं."

त्या वेळी सोफेवाले डॉक्टरांच्या तपासणीच्या बाकाची शिवण बघत होते. शिवण वाकडी होती. डॉक्टरांचं बोलणं संपल्या संपल्या त्यांनी ते सांगितलंही. बाहेर पडल्यावर बायको म्हणाली, "ऐकलंत ना ते काय म्हणाले?" ते म्हणाले, "ऐकलं की. गोळी वेळेवर घ्यायची." 

गोळीने गुण आला. हात स्थिरावले, कातर पुन्हा सरळ चालू लागली. आणि मग एका गुरुवारी तिचा घसा दुखू लागला. शुक्रवारी तोंडात फोड आले, पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी येऊ लागलं. शनिवारी सकाळी ती कुणाला न विचारता गल्लीच्या टोकाच्या लॅबमध्ये गेली आणि थायरॉइडची गोळी चालू असल्याचं सांगून रक्त देऊन आली. 

दुपारी तीनला फोन आला. तो सोफेवाल्यांनी घेतला.

"काका, काकूंचा रिपोर्ट आलाय," लॅबमधली बाई म्हणाली. "पेशी फार कमी आहेत. रिपोर्ट घेऊन जा आणि आजच्या आज डॉक्टरांना दाखवा."

"पेशी का?" सोफेवाले म्हणाले आणि खुर्चीत सावरून बसले. "बरं, बरं. पेशींचं मला माहितीये."

आता हे 'माहितीये' कुठून आलं, ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या धाकट्या भावाला डासांचा ताप आला होता. सात दिवस सोफेवाले त्याच्या उशाशी बसले. त्या वॉर्डात पेशींशिवाय दुसरा विषयच नव्हता. परीक्षेचे मार्क विचारावेत तसे लोक एकमेकांना विचारत, "तुमच्या किती?" कुणी प्लेटलेट म्हणे, कुणी पांढऱ्या पेशी म्हणे, आणि दोन्ही एकच असं सगळे धरून चालत. भावाच्या एक लाख दहा हजारांवर आल्या, मग सत्तर, मग चाळीस हजार, आणि मग आपल्याआपण चढत गेल्या. रक्त येऊ द्यायचं नाही, पडू द्यायचं नाही, पाणी भरपूर, हातावर लाल ठिपके येतात का बघायचं: सोफेवाल्यांनी सगळं तोंडपाठ केलं. भाऊ बरा झाला आणि सोफेवाले तज्ज्ञ झाले. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होतात म्हणतात; यांना तर हळकुंडाचा नुसता वास पुरला.

ते लॅबमध्ये जाऊन रिपोर्ट घेऊन आले. कागद इंग्रजी, अक्षरं बारीक. सोफेवाल्यांनी शब्दांच्या नादी न लागता आकडे बघितले. एका ठिकाणी ठळक ठशात 1.1 होतं आणि पुढे खाली तोंड केलेला बाण होता.

"एक पॉइंट एक," ते बायकोला म्हणाले. "म्हणजे एक लाख दहा हजार. धाकट्याच्या पहिल्या दिवशी एवढ्याच होत्या. घाबरायचं कारण नाही."

खाली आणखी एक बाण होता, 0.09 पुढे. शून्याकडे बघून त्यांना बरंच वाटलं. शून्य म्हणजे तो जो काही आजार असेल तो नाही.

बायको पलंगावर उठून बसली होती. आवाज जवळजवळ गेला होता. ती कुजबुजली, "डॉक्टरांना फोन लावा ना."

त्यांनी लावला. शनिवार दुपार, दवाखाना सोमवारी उघडेल असं यंत्र सांगत होतं.

"मग मोठ्या हॉस्पिटलात जाऊन येऊ या?"

"आणि तिथे काय करणार? सलाईन लावून पाडून ठेवतील. धाकट्याला तेच केलं. त्यापेक्षा घरी मी जास्त बघीन."

तिने मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे त्यांनी विचारलं नाही. थोड्या वेळाने ती पुन्हा काहीतरी बोलली. ते वाकले तेव्हा कळलं की ती गोळीबद्दल म्हणते आहे: डॉक्टर म्हणाले होते की थांबवायची.

"असं कसं म्हणतील?" सोफेवाले म्हणाले. "औषध अर्धवट सोडलं की दुखणं दुप्पट उलटतं." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने गोळी तिच्या जिभेवर ठेवली. ती गिळताना तिचा चेहरा वेडावाकडा झाला.

संध्याकाळी मुलीचा दुसऱ्या शहरातून फोन आला. "बाबा, रिपोर्टचा फोटो पाठवा."

"कशाला? मी बघितलाय."

"माझी एक मैत्रीण नर्स आहे, तिला दाखवते."

"तुझी मैत्रीण नर्स होण्याआधीपासून मी पेशी बघतोय," सोफेवाले म्हणाले. ही बढाई होती, कारण त्यांचा सगळा अनुभव सात दिवसांचा होता. मुलगी हसली आणि तिने नाद सोडला. पुढे कितीतरी दिवस तिला आपल्या त्या हसण्याची चीड येत राहिली.

मग सोफेवाले कामाला लागले, आणि काम करताना ते बघण्यासारखे असत. घरातल्या कातऱ्या, सुऱ्या, सुया त्यांनी एका डब्यात घालून वर ठेवल्या. दात घासायला लहान मुलाचा मऊ ब्रश आणला. दुकानात एक जुना सोफा उसवलेला पडला होता, त्याचा फोम कापून आणला आणि पलंगाच्या चारी कडा, टेबलाचे कोपरे, न्हाणीच्या दाराची चौकट, सगळं मढवायला घेतलं. फोम दहा-बारा वर्षांचा होता. स्टेपल गनचा एकेक ठोका पडला की त्यातून पिवळट भुकटी उडे आणि खोलीत तरंगत राही. बायको पलंगावर खोकत होती. 

"झालंच," ते म्हणाले. "आता तू आपटलीस तरी ओरखडा उठायचा नाही."

कोपरे खरोखर सुंदर झाले होते. टाका कुठे दिसत नव्हता.

धाकटा भाऊ वहिनीला बघायला आला. त्याला सर्दी होती. तो पलंगाच्या काठावर बसला, दोनदा शिंकला, कोपऱ्यांवरून हात फिरवून म्हणाला, "दादा, माझ्या वेळी असं काही केलं नाहीस." 

"तेव्हा शिकत होतो," दादा म्हणाले.

रविवारी सकाळी तिला हुडहुडी भरली. दोन पांघरुणं घातली तरी दात वाजत होते. थर्मामीटर एकशे तीन दाखवत होता. सोफेवाल्यांनी तिच्या बाह्या वर सारून दंड तपासले, हिरड्या बघितल्या. एक लाल ठिपका नव्हता, कुठे रक्त नव्हतं. त्यांना खरोखर समाधान वाटलं. तापाची गोळी दिली, कपाळावर ओला रुमाल ठेवला आणि तिच्या पायथ्याशी बसून राहिले.

तिकडे लॅबमधल्या बाईची रविवारची पाळी होती. असा आकडा आला की तो कुठल्या डॉक्टरला कळवला, ते वहीत लिहायचं असा तिथला नियम. कालच्या ओळीत तो रकाना कोराच होता, कारण दवाखान्याचा फोन कुणी उचलला नव्हता. वही बंद करता येईना म्हणून तिने अकराच्या सुमाराला घरी फोन केला.

"काका, काकूंना कुठे दाखल केलंत? मला डॉक्टरांचं नाव लिहायचंय."

"दाखल कशाला? घरीच आहे. सगळी काळजी घेतलीये. मऊ ब्रश आणलाय, सुऱ्या-कातऱ्या उचलून ठेवल्यात, पलंगाला फोम लावलाय."

"ब्रश कशाला, काका?"

"रक्त यायला नको ना! पेशी कमी म्हटल्यावर—"

"अहो काका, त्या पेशी नव्हेत! पांढऱ्या कमी आहेत, पांढऱ्या!"

"पांढऱ्याच म्हणतोय मी," सोफेवाले थोडे चिडून म्हणाले. "एक लाख दहा."

"लाख?" तिचा आवाज चढला. "अकराशे! अकराशे आहेत त्या, काका! काकूंना ताप आहे का?"

"आहे थोडा. एकशे तीन."

"फोन ठेवा आणि निघा," ती म्हणाली. "रिपोर्ट बरोबर घ्या. आणि ती थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आता देऊ नका."

ती त्यांनी सकाळीच दिली होती. सोफेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. 

मोठ्या हॉस्पिटलात पहिल्या खोलीतच एक तरुण डॉक्टरीण होती. तिने रिपोर्टवर नजर टाकली, बायकोच्या घशात बॅटरी मारली, आणि पुढची वीस मिनिटं ती सोफेवाल्यांशी एक शब्द बोलली नाही. बायकोला आत नेलं, रक्त घेतलं, सलाईनमधून औषध सुरू केलं. मग ती बाहेर आली. तिने कागद त्यांच्यासमोर धरला आणि ठळक आकड्यावर बोट ठेवलं.

"तुम्ही हे काय समजलात?"

त्यांनी सांगितलं.

"हा आकडा लाखात नाही, हजारात आहे. हे बघा, बाजूला लिहिलंय. आणि या तुम्ही म्हणता त्या पेशीच नाहीत. रक्तात तीन तऱ्हेच्या पेशी असतात. लाल पेशी श्वासातला प्राणवायू वाहून नेतात. प्लेटलेट रक्त थांबवतात. त्या कमी झाल्या की रक्तस्राव होतो, तुमच्या भावाला ती भीती होती. काकूंच्या प्लेटलेट इथे खाली आहेत, दोनशे तीस. म्हणजे दोन लाख तीस हजार. उत्तम आहेत."

"ती मला साखर वाटली," सोफेवाले म्हणाले.

डॉक्टरीण हसली नाही. "तिसऱ्या पांढऱ्या पेशी. त्या जंतूंशी लढतात. चार हजारांच्या वर हव्यात, अकराशे आहेत. आणि त्यांतल्या ज्या आघाडीवर लढतात, त्या ह्या. शून्य पॉइंट शून्य नऊ. म्हणजे नव्वद. दीड-दोन हजार तरी असायला हव्या होत्या."

"शून्य बघून मला वाटलं, तो आजार नाही."

तिने कागद खाली ठेवला. आता तिचा स्वर थोडा उतरला होता. "त्या गोळीने होतं असं. हजारांत एखाद-दोघांना, फार तर पाच जणांना. हाडातला मगज त्या पेशी बनवायचंच थांबवतो. का, ते आधी सांगता येत नाही. म्हणून घसा दुखला की गोळी बंद करून रक्त बघायला सांगतात. गोळी थांबली की बहुतेकांचा मगज आठ-दहा दिवसांत पुन्हा कामाला लागतो. तोवर अंगात शिरलेल्या जंतूला अडवायला आत कुणी नाही. घरात धूळ, सर्दी-खोकला झालेलं माणूस, असं काही आसपास होतं का?"

सोफेवाल्यांना पिवळी भुकटी दिसली. पलंगाच्या काठावर शिंकणारा भाऊ दिसला. ते म्हणाले, "होतं. मीच आणलं."

"वाचेल ना ती?" त्यांनी विचारलं.

"काल आणली असतीत तर मी लगेच हो म्हटलं असतं," डॉक्टरीण म्हणाली. "आज म्हणते, प्रयत्न करू."

बायकोला एकटीच्या खोलीत ठेवलं. दाराला वरच्या अर्ध्या भागात काच होती. आत जाणाऱ्याने हात धुवायचे, अंगावर झगा घालायचा, तोंडाला मास्क लावायचा. आणि सोफेवाल्यांना तेही नाही, कारण भावाची सर्दी आता त्यांना लागली होती. ते काचेबाहेर उभे राहत. करण्यासारखं त्यांच्या हातात काही नव्हतं. अशी वेळ त्यांच्यावर आयुष्यात आली नव्हती, आणि ती त्यांना सोसवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ताप एकशे चार झाला. औषधं बदलली. तिसऱ्या दिवशी तिचा रक्तदाब घसरला आणि चार माणसं एकदम आत गेली. काचेवर पडदा ओढला गेला. सोफेवाले भिंतीला पाठ लावून खाली बसले. मुलगी आली होती; ती शेजारी बसली. तिने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या मनात एकच गोष्ट फिरत होती: जीभ पुढे करून तिने ती गोळी घेतली होती, सव्वीस वर्षं त्यांचं सगळं घेतलं तशी.

घरून भावाचा, गल्लीतल्यांचा फोन येई. "पेशी किती झाल्या?" कुणी कसल्याशा पानांचा रस सुचवला, कुणी आणखी काही. पूर्वी सोफेवाल्यांनी त्यावर व्याख्यान दिलं असतं. आता ते म्हणत, "डॉक्टरांना विचारतो," आणि खरोखर विचारत. 

रोज सकाळी रक्त जाई आणि दुपारी आकडा येई. नव्वद. साठ. ऐंशी. सत्तर. मगजाला कामाला लावायचं इंजेक्शन रोज चालू होतं. सहाव्या दिवशी ताप शंभरावर आला. आठव्या दिवशी दुपारी नर्स काचेच्या दारातून बाहेर आली आणि म्हणाली, "काका, पेशी वाढल्या!"

मुलीने तोंडावर हात दाबून धरला. सोफेवाले उठून उभे राहिले. "कोणत्या?" त्यांनी विचारलं.

"पांढऱ्या. लढणाऱ्या. सहाशे दहा."

"हजारात की—"

"नुसत्या सहाशे दहा, काका. काल शंभरावर नव्हत्या."

दहाव्या दिवशी त्या दोन हजार झाल्या आणि सोफेवाल्यांची सर्दीही गेली. त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, नर्सने दोनदा पुन्हा धुवायला लावले, ते विनातक्रार धुतले. झगा, मास्क, टोपी चढवून ते पहिल्यांदा आत गेले. बायको उशीला टेकून बसली होती. चेहरा निम्मा झाला होता, डोळे तेच होते.

ते पलंगापासून दोन हात लांब उभे राहिले. काय बोलायचं ते बाहेर ठरवून आले होते, पण ते कुठल्या कुठे गेलं.

"डॉक्टरीणबाईंनी सगळं सांगितलं मला," ती म्हणाली. आवाज घोगरा होता, पण आवाज होता. "तुम्ही म्हणालात, रिपोर्ट वाचला."

"वाचला नव्हता," सोफेवाले म्हणाले. "बघितला होता."

ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"मी मारलंच होतं तुला," ते म्हणाले. "तू हॉस्पिटल म्हणालीस, मी नाही म्हटलं. तू गोळी नको म्हणालीस, मी ती भरवली. माझं चुकलं. या चुकीला माफी नाही."

"मला ओरडायचं होतं," ती म्हणाली. "शनिवारी. घसाच नव्हता."

"हो."

"आता आहे."

आणि ती बोलायला लागली. आधी शनिवारचं, मग गोळीचं, मग डॉक्टरांच्या बाकाच्या त्या शिवणीचं. मग तिथून मागे: तिला न विचारता बदललेली मुलीच्या लग्नाची तारीख, तिने मापलेलं कापड पुन्हा मापायची सवय, पाहुण्यांसमोर तिचं वाक्य पुरं करायची सवय. मध्येच खोकला येई, ती थांबे, पाणी पिई, आणि होती तिथून पुढे सुरू करी. आवाज फाटत होता, चढत होता. एकदा तर तो काचेबाहेर मुलीलाही ऐकू गेला.

सोफेवाले मान खाली घालून उभे होते. एकदा त्यांचे ओठ हलले, पण मास्कच्या आत. बाहेर काही आलं नाही. डोळ्यांतलं पाणी मास्कच्या कडेपर्यंत येऊन आत झिरपत होतं आणि हात धुतलेले असल्यामुळे त्यांना ते पुसता येत नव्हतं.

दार उघडून नर्स घाईने आत आली. "काका, बाहेर चला. पेशंटला बोलायला लावू नका, घसा अजून कच्चा आहे."

"पाच मिनिटं," सोफेवाले हात जोडून म्हणाले. "बोलू द्या तिला."